गाइडवर गणित शिकलेला कारकून : रामानुजन यांची दोन उसनी पुस्तकं

22 डिसेंबर म्हणजे राष्ट्रीय गणित दिन. त्या दिवशी शाळेच्या फळ्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं नाव लिहिलं जातं, टॅक्सीच्या 1729 नंबरची गोष्ट सांगितली जाते आणि मुलं घरी जातात. हा माणूस गणित शिकला कुठून, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्यांना क्लास नव्हता, मोठा गुरू नव्हता. बारावीच्या तोडीच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. त्यांच्या हाताशी होती ती दोन इंग्रजी पुस्तकं, तीही उसनी. त्यातलं एक तर चक्क परीक्षेचं गाइड होतं. त्या गाइडनं त्यांना घडवलं, आणि अडचणीतही आणलं.

जन्म 1887 सालचा, तमिळनाडूतल्या इरोडचा, आईच्या माहेरी. वाढला तो कुंभकोणमला. कावेरीकाठचं देवळांचं गाव. वडील श्रीनिवास अय्यंगार कापडदुकानात कारकून, आई कोमलताम्मल देवळात भजनं गाणारी. दोन वर्षांचा असताना पोराला देवी आल्या. त्या काळात देवी म्हणजे घरात मरणच शिरल्यासारखं, पण हा वाचला. पाठची भावंडं तान्हेपणीच गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी झालेले दोन भाऊ तेवढे जगले. घरात पैशाची ओढ कायमचीच, म्हणून आईनं कॉलेजात शिकणारी दोन मुलं पैसे घेऊन घरी राहायला ठेवली होती.

त्या दोघांमुळे पोराचं गणित सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. अकरा-बारा वर्षांचा रामानुजन त्यांच्या मागे लागायचा. त्यांना येत होतं तेवढं गणित त्यानं थोड्या महिन्यांत काढून घेतलं, मग त्यांच्याकडे सांगायला काही उरलं नाही. तेव्हा एका मोठ्या विद्यार्थ्याकडून एक पुस्तक मिळालं. एस. एल. लोनी यांची त्रिकोणमिती.

लोनीचं नाव आपल्याकडेही नवं नाही. आयआयटीची तयारी करणारी पोरं आजही हे पुस्तक विकत घेतात. पहिल्या भागात झाडाची उंची, मनोऱ्याची सावली असली गणितं. दुसरा भाग वेगळा. त्यात न संपणाऱ्या बेरजा येतात, म्हणजे एकात एक संख्या मिळवत जायची आणि तरी उत्तर एका ठिकाणी येऊन थांबतं. रामानुजननं तेराव्या वर्षापर्यंत हे पुस्तक पुरं केलं. नुसतं वाचलं नाही, त्यातली गणितं स्वतः सोडवली.

लोनी हे पुस्तक शिकवणारं आहे. आधी समजावतं, मग करून दाखवतं, मग करायला देतं. मागे वळून पाहिलं तर पोराच्या हाती आधी हे पुस्तक पडलं हे नशीबच.

याच काळात त्याला वाटलं की आपण एक नवी गोष्ट शोधली. त्रिकोणमितीतली ती गुणोत्तरं काटकोन त्रिकोण न काढताही मिळवता येतात, हे त्यानं आपल्या बुद्धीनं काढलं होतं. नंतर कळलं की दीडशे वर्षांपूर्वी ऑयलर नावाच्या गणितीनं ते लिहून ठेवलंय. पोराला इतकी लाज वाटली की त्यानं ते कागद घराच्या छपरात खुपसून ठेवले. एकट्यानं शिकणाऱ्याचं हे दुखणं असतं. काय शोधायचं राहिलंय आणि काय आधीच शोधून झालंय, हे सांगायला शेजारी कुणी नसतं.

शाळेत मात्र त्याचं नाव होतं. टाऊन हायस्कूलमध्ये बाराशे विद्यार्थी आणि पस्तीसेक शिक्षक. कोणता वर्ग कुणाकडे, हे वेळापत्रक बसवायचं काम गणिताचे मास्तर या पोरावर सोपवायचे. 1904 साली तो शाळेतून बाहेर पडला तो गणिताचं बक्षीस घेऊन, आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली.

गाइड हाती आलं

पण शाळा संपायच्या आधीच, 1903 च्या सुमारास, दुसरं पुस्तक आलं होतं. मित्रांनी सरकारी कॉलेजच्या लायब्ररीतून ते मिळवून दिलं. लेखक जॉर्ज शूब्रिज कार. पुस्तकाचं नाव लांबलचक, मराठीत सांगायचं तर शुद्ध आणि उपयोजित गणितातल्या प्राथमिक निष्कर्षांचा सारांश. 1880 च्या दशकात दोन भागांत निघालेलं, म्हणजे हाती आलं तेव्हाच वीसेक वर्षं जुनं.

हे कार कुणी मोठे गणिती नव्हते. लंडनमध्ये खासगी शिकवण्या घेणारे मास्तर. स्वतः चाळिशीला टेकल्यावर केंब्रिजला शिकायला गेले आणि 1880 साली तिथली ट्रायपॉस ही परीक्षा पास झाले, तीही पहिल्या वर्गात नाही, दुसऱ्या वर्गात बारावे. या ट्रायपॉसचा तेव्हा भलता दरारा होता. तिची तयारी करून घेणाऱ्या मास्तरांचा धंदा जोरात चालायचा. आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे र. पु. परांजपे 1899 साली त्याच परीक्षेत पहिल्या नंबरात आले, म्हणून जन्मभर रँग्लर परांजपे म्हणवले गेले. कार मास्तरांनी शिकवणीसाठी काढलेल्या टिपणांचं झालेलं पुस्तक ते हेच.

त्यात होतं काय? सुमारे 5 हजार सूत्रं, एकाखाली एक, नंबर टाकून. पहिलंच सूत्र साधं. दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. 52 चा वर्ग वजा 48 चा वर्ग काढायचा असेल तर वर्ग करत बसू नका, 100 गुणिले 4, उत्तर 400. हे आपल्या आठवीच्या मुलांना येतं. तिथून पुस्तक चढत जातं. बीजगणित, त्रिकोणमिती, भूमिती, कलनशास्त्र. सिद्धता मात्र जवळपास नाही. बऱ्याच ठिकाणी फक्त अमुक नंबरचं सूत्र पाहा, एवढंच. ज्याला वर्गात समजावून झालंय त्यानं परीक्षेआधी नजर फिरवावी, यासाठीचं हे पुस्तक. नुसत्या या पुस्तकावर कुणी गणित शिकेल, अशी अपेक्षा खुद्द कार मास्तरांनीही केली नसावी.

पण इथे उलटं घडलं. सोळा वर्षांच्या पोराला सिद्धता दिसत नव्हती, म्हणून प्रत्येक ओळ त्याच्यासाठी एक कोडं झाली. हे खरं का? कशावरून? तो आपल्या पद्धतीनं ते काढायचा. एक सुटलं की त्याच्या पुढचं, जे पुस्तकात नाही ते, सुचायचं. चांगलं पुस्तक बोट धरून नेतं. या पुस्तकानं बोट धरलंच नाही, आणि या एका मुलाला तेच मानवलं. बाकीच्या शंभरांनी ते पहिल्या आठवड्यात लायब्ररीत परत केलं असतं.

इथूनच त्यानं वहीत आपली सूत्रं लिहायला सुरुवात केली. त्याच थाटात. सूत्र, खाली सूत्र. सिद्धता नाही.

त्याला कार मास्तरांचं वळण हे एक कारण, आणि कागद महाग हे दुसरं. सगळी आकडेमोड पाटीवर व्हायची. फडकं शोधायला वेळ नको म्हणून कोपरानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. कोपर काळं आणि राठ पडलेलं. शेवटचं उत्तर तेवढं वहीत जायचं. मधली वाट पाटीवर पुसली जायची, ती कायमची.

नापास

गणिताच्या नादात बाकीचे विषय सुटले. कॉलेजात इंग्रजी निबंधात गडी आपटला आणि शिष्यवृत्ती गेली. फी भरायची ऐपत नव्हती. 1905 साली पोरगा घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढच्या वर्षी मद्रासला पचय्यप्पा कॉलेजात नाव घातलं. तिथे शरीरशास्त्राच्या पेपरनं घात केला. सोवळ्या घरातला मुलगा, शरीराच्या आतल्या भागांचं वर्णन लिहायला त्याला कधी जमलंच नाही. 1906 साली एफ. ए. नापास, 1907 साली पुन्हा नापास. पदवीचा रस्ता बंद.

पुढची चार-पाच वर्षं हालाची. शिकवण्या मिळायच्या त्या टिकायच्या नाहीत. कधी जेवायला मिळायचं, कधी नाही. 1909 साली आईनं जानकी नावाच्या दहा वर्षांच्या मुलीशी लग्न लावून दिलं, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. 1910 च्या सुरुवातीला एक ऑपरेशन करावं लागलं. घरात पैसे नव्हते, एका डॉक्टरनं फुकट केलं म्हणून झालं. आता नोकरी हवीच होती. हाती डिग्री नाही, दाखवायला फक्त वह्या.

त्या वह्या घेऊन रामानुजन तिरुकोयिलूरला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. मागणं एकच, कुठेतरी कारकुनी द्या. अय्यर स्वतः गणितवेडे. 1907 साली भारतीय गणितींची संघटना त्यांनीच उभी केली होती. तिची लायब्ररी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होती. कारण साधं, परदेशातली गणिताची मासिकं एकट्या माणसाला परवडत नव्हती, सगळ्यांनी मिळून मागवायची आणि वाचायची. अय्यर यांनी वही पाहिली आणि कारकुनी दिली नाही. या माणसाला खर्डेघाशीला लावणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. मद्रासच्या ओळखीच्या लोकांना चिठ्ठ्या लिहून दिल्या. त्यातून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव भेटले. त्यांना आधी शंका होती, मग पटलं. महिन्याला 25 रुपये ते स्वतःच्या खिशातून देऊ लागले.

1911 मध्ये संघटनेच्या मासिकात रामानुजन यांचा पहिला लेख आला. वाचकांसाठी त्यांनी एक कोडंही घातलं. वर्गमूळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, असं न संपणारं. किंमत काढा. सहा महिने कुणाचं उत्तर आलं नाही, शेवटी त्यांनीच दिलं. उत्तर 3. मोबाइल बाजूला ठेवून पाटीवर करून बघण्यासारखं आहे. 3 म्हणजे 9 चं वर्गमूळ, आणि 9 म्हणजे 1 अधिक 2 गुणिले 4. आता तो 4 म्हणजे 16 चं वर्गमूळ, 16 म्हणजे 1 अधिक 3 गुणिले 5. तो 5 म्हणजे 25 चं वर्गमूळ, 25 म्हणजे 1 अधिक 4 गुणिले 6. असं उलगडत जा, संपतच नाही. पाहिलं की सोपं, सुचणं अवघड.

दुसऱ्याच्या पैशावर बसून खाणं मनाला पटेना. मार्च 1912 मध्ये मद्रासच्या बंदरात हिशेबखात्यात ते 30 रुपये महिन्यावर कारकून म्हणून लागले.

पत्र

वरिष्ठांनी आग्रह केला, इंग्लंडला लिहा. दोन मोठ्या प्राध्यापकांकडून काही हाती लागलं नाही. 16 जानेवारी 1913 च्या तारखेनं तिसरं पत्र गेलं, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना. आपण बंदरातले कारकून आहोत, वय 23 च्या आसपास आहे, असं लिहून सोबत शंभरावर सूत्रं जोडली होती. (वय खरं तर 25 पुरं झालं होतं.) थाट तोच, कार मास्तरांचा. सूत्र, खाली सूत्र.

आधीच्यांनी दुर्लक्ष का केलं हे समजण्यासारखं आहे. अनोळखी माणूस, डिग्री नाही, आणि नुसती उत्तरं. गणितात उत्तर बरोबर असून भागत नाही, कसं आलं ते दाखवावं लागतं. दहावीच्या पेपरातही स्टेप्सचे मार्क असतात. हार्डी आणि त्यांचे मित्र लिटलवूड त्या संध्याकाळी कागद घेऊन बसले. काही सूत्रं ओळखीची निघाली, काही दमवून सुटली, आणि काही अशी की अंदाजच लागेना. अशी सूत्रं कुणी मनानं बनवू शकणार नाही, एवढं मात्र त्यांना कळलं. त्यांनी उलट टपाली सिद्धता मागितल्या.

हार्डी सिद्धता मागत होते तो काही इंग्रजी शिष्टाचार नव्हता. एका ठिकाणी रामानुजन खरंच चुकले होते. दिलेल्या आकड्यापर्यंत मूळ संख्या किती, म्हणजे 2, 3, 5, 7, 11 अशा न विभागणाऱ्या संख्या किती, हे जवळजवळ अचूक सांगणारं सूत्र आपल्याला मिळालंय असा त्यांचा दावा होता. लहान आकड्यांना ते छान जुळायचं, फार मोठ्या आकड्यांना दाव्याइतकं अचूक राहत नव्हतं. का, ते समजायला गणिताची जी शाखा लागते, ती कार यांच्या पुस्तकात नव्हतीच. कुंभकोणमला बसून ती आहे हे कळणारही कुठून? वीस वर्षं जुन्या गाइडवर जो शिकतो तो त्या गाइडच्या शेवटच्या पानाशी अडतो. रामानुजन अडले ते फार पुढे जाऊन अडले, एवढाच फरक.

मद्रास विद्यापीठानं महिन्याला 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. समुद्र ओलांडायचा की नाही यावर घरात बरेच महिने गेले, शेवटी आईनं परवानगी दिली. 17 मार्च 1914 रोजी ते मद्रासहून बोटीनं निघाले.

केंब्रिजला हार्डींपुढे विचित्र पेच होता. या माणसाला काही गोष्टी जगात कुणाला येत नाहीत अशा येतात, आणि काही गोष्टी तिथल्या साध्या विद्यार्थ्याला येतात त्या माहीत नाहीत. सगळं पहिल्यापासून शिकवायला बसावं तर त्याची मूळची धार बोथट व्हायची. न शिकवावं तर तो पुन्हा चुकणार. हार्डींनी मधली वाट धरली. लागेल तेवढंच, आणि त्याच्या कलानं.

या जोडीचं सगळ्यात गाजलेलं काम विभाजनांचं. 4 लाडू घ्या. किती प्रकारे वाटे पडतात? 4, 3 आणि 1, 2 आणि 2, 2, 1 आणि 1, 1, 1, 1 आणि 1. पाच प्रकार. 10 लाडवांचे 42 प्रकार होतात. 100 चे 19 कोटींवर जातात. 200 चे नेमके 39,72,99,90,29,388. एकेक मोजायला जन्म पुरायचा नाही. रामानुजन आणि हार्डी यांनी 1918 साली छापलेल्या सूत्रानं तो आकडा नेमका काढता येतो. त्यात रामानुजन यांची दृष्टी आहे, आणि कुंभकोणमला नसलेलं ते शास्त्रही आहे. दोन्हींवाचून ते झालं नसतं.

1916 मध्ये संशोधनावर पदवी मिळाली. 1918 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचेही. एफ. ए. नापास माणूस. पण शरीर खचलं होतं. पहिल्या महायुद्धाचे दिवस, कडक शाकाहार, हातानं स्वयंपाक, थंडी, एकटेपण. 1917 पासून एका दवाखान्यातून दुसऱ्यात. 27 मार्च 1919 रोजी बोट मुंबईला लागली तेव्हा न्यायला आई आणि भाऊ आले होते, आणि उतरला तो हाडांचा सापळा. वर्षभरात, 26 एप्रिल 1920 रोजी, मद्रासच्या चेटपेटला ते गेले. वय 32. शेवटच्या महिन्यांतही अंथरुणावर पडून पाटी आणि कागद चालूच होते. जानेवारीत हार्डींना लिहिलेल्या पत्रात एका अगदी नव्या विषयाची सूत्रं होती.

जानकी तेव्हा एकवीस वर्षांच्या. पुढे त्या शिवणकाम शिकल्या, मद्रासला त्यावर गुजराण केली आणि 1994 पर्यंत जगल्या.

मागे राहिल्या वह्या. तीन हजारांवर सूत्रं, आणि मधल्या पायऱ्या पाटीवर पुसलेल्या. 1957 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं त्या वह्यांची पानं जशीच्या तशी, त्यांच्याच हस्ताक्षरात, दोन खंडांत छापली. तेव्हा कुठे जगभरच्या गणितींना त्या घरबसल्या वाचता आल्या. शेवटच्या वर्षातले कागद 1976 मध्ये केंब्रिजला एका पेटीत सापडले. ब्रूस बर्न्ट नावाचे अमेरिकन प्राध्यापक 1970 च्या दशकात वह्यांतल्या एकेका ओळीची सिद्धता लावत बसले. जुनी आधीच माहीत असलेली सूत्रं कोणती, नवी कोणती, चुकलेली कोणती, सगळं निवडून लिहिलं. चुकलेली फार थोडी निघाली. या कामाचे पाच जाड खंड झाले. पहिला 1985 साली आला, शेवटचा 1998 साली.